धागा: अ‍ॅनाकिनची आई दहा वर्षं तिथेच का राहिली?

माटोळी
नमस्कार मंडळी. चवथीला पेडण्याला घरी गेलो होतो. दीड दिवसाचा गणपती, विसर्जन झालं की पोरं मोकळी, आणि पाऊस असा की अंगणात पाय ठेवता येईना. ताईचा मुलगा ११ वर्षांचा, त्याने कधीपासून धोसरा लावलेला की मामाबरोबर स्टार वॉर्स बघायचंच. शेवटी शेजाऱ्यांचा प्रोजेक्टर आणला, सोप्यावर चादर बांधली आणि दोन रात्रीत १९९९ चा आणि २००२ चा असे दोन भाग बघितले. दुसऱ्या रात्री श्मी, म्हणजे अ‍ॅनाकिनची आई, त्याच्या हातात जीव सोडते तो प्रसंग झाला आणि पोरगा एकदम गप्प झाला, मग म्हणाला, "मामा, दहा वर्षं तिला न्यायला कोणीच का गेलं नाही? त्यांच्याकडे जहाजं होती ना?"

मी शाळेत असल्यापासून हे सिनेमे बघतोय आणि मला त्याला धड उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॅटूइन नावाचा वाळवंटी ग्रह, तिथे हट लोकांची सत्ता. अ‍ॅनाकिन आणि त्याची आई तिथे गुलाम, मालक वॉटो हा भंगारवाला. पोराला बाप नाही. वय ९, पण हाताला असं कसब की भंगारातून बोलणारा यंत्रमानव बनवलाय आणि शर्यतीची गाडीपण. गुलामांच्या अंगात एक यंत्र बसवलेलं, पळाला तर स्फोट. तिथे क्वाय-गॉन हा जेडाय योद्धा येऊन अडकतो, पोरातली शक्ती ओळखतो आणि वॉटोशी पैज लावतो की पोरगा शर्यत जिंकला तर सोडायचा. आईला पण सोड म्हणतो, वॉटो म्हणतो एका गाडीला दोन गुलाम परवडत नाहीत, एकच. कोण सुटणार ते ठरवायला फासा काढतो, निळा आला तर मुलगा, लाल आला तर आई. आणि क्वाय-गॉन हाताच्या इशाऱ्याने फासा निळ्यावर पाडतो!

हाच पोरगा पुढे जेडाय होतो आणि मग बिघडून काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर होतो. माझं म्हणणं असं की आपण सगळे तो बिघडला कधी हे २००५ च्या भागात शोधत बसतो, त्याला नादी लावणाऱ्या पाल्पटिन या राजकारण्याने काय सांगितलं, मेस विंडू या जेडायाचा हात कसा तोडला वगैरे. पण सुरुवात त्या फाशापासून झाली. एका भल्या माणसाने मुलगा उचलला आणि आई ठेवली, आणि त्यानंतर त्या अख्ख्या जेडाय मंडळात एकालाही वाटलं नाही की जाऊन ती बाई सोडवून आणू. तुम्हाला काय वाटतं?

खाजनातला_खेकडा
फासा पडला म्हणजे पुढे वनवास आलाच की. आपल्याकडे तर लहान पोरालाही माहीत आहे.

रंगपट
छान धागा. मी हौशी नट, आमच्या गावच्या जात्रेला पौराणिक नाटक असतं त्यात दोन वेळा कर्ण केलाय, त्यामुळे मला हा माणूस पहिल्यापासून कर्णच वाटतो. बापाचा पत्ता नाही, जन्म हलक्या घरातला म्हणून हिणवलेला, अंगात मात्र सगळ्यांपेक्षा जास्त. २००५ च्या भागात जेडाय मंडळ त्याला सभेत जागा देतं पण मास्टर ही पदवी देत नाही, तो प्रसंग बघताना मला रंगसभा आठवते, कर्ण धनुष्य घेऊन उभा आणि कृपाचार्य विचारतात तुझं कुळ सांग. त्या क्षणी जो कोणी पुढे येऊन खांद्यावर हात ठेवील त्याचा तो माणूस जन्मभर होणार. कर्णाला दुर्योधनाने अंगदेश दिला, अ‍ॅनाकिनला पाल्पटिनने मान दिला. ती एंट्री करताना मला दरवेळी घशाशी आवंढा यायचा, आणि समोर प्रेक्षकांत बायका डोळे पुसायच्या.

सुरंगी
रंगपटबाब, राग मानू नका पण कर्ण नको. कर्णाने झोपलेली पोरं मारली नाहीत.

अ‍ॅनाकिन अश्वत्थामा आहे. नीट बघा. बालपण दारिद्र्यातलं, इतर पोरं दूध पितात म्हणून रडला तर पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून पाजलेलं, आणि ते पिऊन हे पोर आनंदाने नाचलेलं. पुढे जवळचं माणूस कपटाने गेलं त्याचा सूड डोक्यात, आणि त्या सुडात रात्री छावणीत शिरून द्रौपदीची पाची मुलं कापून काढली. अ‍ॅनाकिनने तर हे दोनदा केलं, आधी आईला पळवून नेणाऱ्या टस्कन लोकांच्या वस्तीत बायकापोरांसकट आणि मग जेडाय मंदिरात शिकणारी लहान मुलं. आणि शिक्षा मरणाची नाही, जगण्याची. कपाळावरचा मणी काढलेला, जखम भरत नाही. तो काळा चिलखती पोशाख म्हणजे तीच न भरणारी जखम आहे, हात नाही पाय नाही, श्वाससुद्धा यंत्राने.

माझी आजी अभ्यंगाला तेल लावायच्या आधी दोनचार थेंब जमिनीवर टाकायची, अश्वत्थाम्याचे म्हणून. एवढं पाप केलेल्याला पण तेल द्यायचं, हे मला लहानपणी कळायचं नाही. व्हेडरबद्दल मला जे वाटतं ते नेमकं तेच आहे, माफ नाही करता येत पण तेल द्यावंसं वाटतं.

रंगपट
सुरंगीताई, हार मानली. अश्वत्थामा बसतो. पण रंगसभेचा मुद्दा मी सोडणार नाही.

मधला_जिना
मुलांना कुठल्या क्रमाने दाखवावे? माझी मुलगी ९ वर्षांची आहे. १९७७ पासून सुरू करू की १९९९ पासून?

खाजनातला_खेकडा
१९७७, मग १९८०, मग मागे जाऊन १९९९, २००२, २००५ आणि शेवटी १९८३. १९८० मध्ये व्हेडर ल्यूकला सांगतो की मी तुझा बाप, तो धक्का आधीच कळला तर मजा गेली. धक्का बसल्यावर मागे जाऊन बघायचं की हा बाप असा झाला कसा, आणि मग शेवट. २००५ चा भाग मात्र ९ वर्षांच्या मुलीला एकटीला दाखवू नका, शेजारी बसा.

मधला_जिना
धन्यवाद, हे छान आहे.

फोंड्याचे_मास्तर
मी हायस्कूलला शिकवतो, २६ वर्षं झाली. मूळ प्रश्नावर जरा वेगळ्या बाजूने लिहितो, लांबेल.

शाळेत आम्हाला आता मुलांच्या सुरक्षिततेबद्दल शिकवतात, एखादा मोठा माणूस मुलाला जाळ्यात कसा ओढतो ते. त्यानंतर मी हे सिनेमे परत बघितले आणि मला पाल्पटिनचा प्रत्येक प्रसंग त्या वर्गातल्या फळ्यावर लिहिल्यासारखा दिसला. पहिली भेट पोरगा ९ वर्षांचा असताना, फक्त एवढंच म्हणतो की तुझ्याकडे आमचं लक्ष राहील. घाई नाही. पुढच्या भागात पोरगा विशीत आलाय आणि हा त्याला सांगतो की तू सगळ्या जेडायांपेक्षा मोठा होणार. म्हणजे कौतुक. मग तुझी किंमत त्यांना कळत नाही, म्हणजे बाकीच्यांपासून तोडणं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे गुपित. २००५ च्या भागात सुरुवातीलाच शत्रूपक्षाच्या काउंट डूकूचे दोन्ही हात तुटलेत, तो गुडघ्यावर आहे, पाल्पटिन म्हणतो मार. पोरगा मारतो आणि लगेच म्हणतो मी असं करायला नको होतं. तेव्हा पाल्पटिन त्याला आठवण करून देतो की आई आणि त्या वाळवंटातल्या लोकांबद्दल तू मला सांगितलं होतंस ना. थांबून विचार करा. ज्या गुरूबरोबर तो दहा-बारा वर्षं राहिला त्या ओबी-वानशी हे बोलल्याचं तिन्ही सिनेमांत कुठे दिसत नाही, आणि या माणसाला सगळं माहीत!

मुलं चुकीच्या माणसाकडे मन मोकळं करतात कारण बरोबर माणसाकडे केलं तर शिक्षा होईल अशी भीती असते. जेडायांच्या नियमात आईची आठवण येणं हाच दोष होता. पहिल्या दिवशी त्या सभेत पोराला विचारतात, तो आईला मुकण्याच्या भीतीने कासावीस आहे हे म्हाताऱ्या जेडाय गुरू योडाला दिसतं, आणि वय जास्त झालं म्हणत त्याला नाकारतात. ९ वर्षांचं मूल, आदल्या आठवड्यात आईपासून तुटलेलं. त्या दिवशी पोरगा शिकला की आईचं नाव इथे काढायचं नाही.

मी माझ्या नोकरीत ही चूक केली आहे. वर्गात रडणाऱ्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, मोठा झालास ना आता. त्याचे वडील महिन्याभरापूर्वी गेले होते, मला ठाऊक होतं, तरी म्हणालो. तो नंतर माझ्याशी कधी नीट बोलला नाही.

माटोळी
मास्तर, डूकूच्या वेळचं ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि हे कधी लक्षात आलं नाही. नमस्कार तुम्हाला.

बिंदुली
पण इतकं सगळं जेडायांवर ढकलायचं का? श्मी पण गुलामच होती की. तिचं तर अख्खं आयुष्य त्यात गेलं, पोरगा गेल्यावर एकटी राहिली, ती कुठे बिघडली? पहिल्या भागात अ‍ॅनाकिनच सांगतो की माझी आई म्हणते या जगात कोणी कोणाला मदत करत नाही हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि तीच बाई दाराशी आलेल्या परक्या लोकांना वादळात घरात घेते, आहे त्यातलं जेवू घालते. त्याच घरात वाढलेला मुलगा. तेव्हा परिस्थिती परिस्थिती म्हणून सगळं धुऊन निघत नाही. टस्कन वस्तीत तलवार त्याच्या हातात होती, पाल्पटिन तिथे नव्हता.

खाजनातला_खेकडा
बिंदुली +१. पोरांवर हात उचलला तिथे विषय संपला.

भटक्या_झुआरी
थोडं अवांतर. टॅटूइनचं शूटिंग ट्युनिशियात झालं आणि नावपण तिथल्या तातावीन गावावरून घेतलंय. नाबू ग्रहावरचा राजवाडा इटलीत कासेर्ता इथला आणि अ‍ॅनाकिन आणि नाबूची पूर्वीची राणी पॅडमे यांचं लग्न होतं तो बंगला कोमो तळ्याकाठी. सेव्हिल शहरातला एक मोठा चौकपण नाबू म्हणून वापरलाय. आणि मुस्ताफार ग्रहाचा लाव्हा, जिथे गुरू शिष्य लढतात, त्यात सिसिलीच्या एटना ज्वालामुखीचं खरं चित्रीकरण मिसळलंय. कोमोला मी जाऊन आलो, त्या जिन्यावर उभा राहिलो आणि अक्षरशः अंगावर काटा आला.

सुरंगी
श्वासाचा आवाज पण सांगा की कोणीतरी.

भटक्या_झुआरी
हो! ध्वनी करणारे बेन बर्ट यांनी स्कूबाच्या रेग्युलेटरमधून श्वास घेऊन तो आवाज रेकॉर्ड केला. मी ग्रँड आयलंडला पहिल्यांदा डायव्हिंग केलं तेव्हा पाण्याखाली बाकी सगळं शांत आणि फक्त आपलाच श्वास, घर्र घर्र. पाच मिनिटांत जीव घाबरला. हा माणूस वीस-बावीस वर्षं तोच आवाज ऐकत जगला, झोपताना पण.

रंगपट
आणि अंग एकाचं, आवाज दुसऱ्याचा. आत उभे डेव्हिड प्राउज, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा, ते २०२४ साली गेले. १९८३ मध्ये मुखवटा उतरतो तेव्हा दिसणारा चेहरा तिसऱ्याच नटाचा, सेबॅस्टियन शॉ. मुखवटा घालून काम केलेल्यांना विचारा, आमच्याकडे संकासुर करणारा गडी आहे, तो म्हणतो मुखवटा चढला की लोक माझ्याशी बोलत नाहीत, त्याच्याशी बोलतात. लहान पोरं तर ओळखीची असून पळतात. खेळ संपल्यावर तो मुखवटा काढून मुद्दाम त्यांच्यात जाऊन बसतो, घाबरलेली पोरं झोपायला हवीत म्हणून.

ओंवळ
मी नर्स आहे, प्रसूती विभागात. इथे कोणी पॅडमेबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते.

लग्न चोरून, कारण जेडायांना लग्नाची परवानगी नाही. गरोदरपण चोरून. म्हणजे घरात मोठं माणूस नाही, सासू वारली, माहेरी सांगायची सोय नाही. नवऱ्याला रोज स्वप्न पडतंय की ही बाळंतपणात जाणार, आणि तो ते घेऊन योडाकडे जातो, कोणाबद्दल ते न सांगता. योडा सांगतो की जाणाऱ्याचा शोक करू नये, जे गमावण्याची भीती वाटते ते सोडायला शीक. हे बोलणं वाईट नाही हो, मी स्वतः मरणाच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलांना जवळपास हेच सांगते. पण बाळंतपणाची भीती घेऊन आलेल्या माणसाला हे सांगत नाही कोणी! त्याला विचारतात की किती महिने झाले, डॉक्टर कोण, बीपी बघितलं का. तो खरं सांगू शकत नव्हता आणि योडा पुढे विचारू शकला नाही, कारण दोघांच्या मधे तो नियम.

मग तो जातो ज्याच्याकडे उत्तर तयार आहे त्याच्याकडे. नाट्यगृहातला तो प्रसंग, पाल्पटिन त्याला गोष्ट सांगतो की एक सिथ, म्हणजे जेडायांचा वैरी, होता, आपल्या माणसांना मरणापासून वाचवायचा. ती बुवाबाजी आहे, दुसरं काही नाही. दवाखान्यात मी हे दर महिन्याला बघते, गंडा बांधतात, अंगारा देतात, पैसे आधी घेतात. आणि बघा, अ‍ॅनाकिनने मेस विंडूचा हात तोडला, गुडघे टेकले, आता परत जायची वाट नाही, तेव्हा पाल्पटिन म्हणतो ती विद्या एकालाच साधली होती, आपण दोघं मिळून शोधू. म्हणजे विद्या ह्याच्याकडे नव्हतीच! दक्षिणा घेऊन झाल्यावर बुवा सांगतो की मंत्र अजून शोधायचाय.

बिंदुली
ओंवळबाय, हे वाचून मी तो प्रसंग परत लावून बघितला. खरंच. "मिळून शोधू" असंच म्हणतो.

जुन्या_बाजारातला
वाचतोय सगळं. गुलामीबद्दल एक. पहिल्या भागात पॅडमेला धक्काच बसतो की गुलामगिरी अजून आहे, आमच्या प्रजासत्ताकात तर कायदे आहेत तिच्याविरुद्ध. श्मी तिला सांगते की प्रजासत्ताक इथे नाही. आपल्याला ते वाळवंट लांबचं वाटतं, पण जुन्या गोव्यात, जिथे आपण आता पाहुण्यांना चर्च दाखवायला नेतो, तिथल्या सरळ रस्त्यावर सकाळी लिलाव भरायचा आणि इतर मालाबरोबर माणसं विकली जायची. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला आणि काही वर्षं राहिला, त्याने ते बघून लिहून ठेवलंय. विकली जाणारी आफ्रिकेतून आणलेली माणसं, त्यात मुलं पण. त्यांच्या आयांचं काय झालं हे कोणी लिहून ठेवलं नाही. माटोळीच्या भाच्याचा प्रश्न वाचला तेव्हा मला ती मुलं आठवली.

सुरंगी
...

मधला_जिना
हे माहीत नव्हतं. त्या रस्त्यावरून किती वेळा गेलोय.

वेंगुर्ला_नाका
मालिकेचा भाग कोणी धरतच नाहीये. २००८ पासून जी क्लोन युद्धांची अ‍ॅनिमेशन मालिका आली तिने अ‍ॅनाकिनला माझ्यासाठी खरा माणूस केला. त्याला शिष्या मिळते असोका, लहान पोर, फटकळ, आणि तो तिला जीव लावून शिकवतो. पुढे मंदिरातल्या स्फोटाचा खोटा आळ तिच्यावर येतो, मंडळ तिला काढून टाकतं, खरा गुन्हेगार अ‍ॅनाकिनच शोधून आणतो, मग मंडळ म्हणतं ये परत. ती येत नाही. पायऱ्या उतरून निघून जाते. एका हाताने आई गेली, दुसऱ्या हाताने ही. मंडळाच्या लोकांनी माफी मागितली पण तीसुद्धा कशी, की ही तुझी परीक्षा होती, तू तिच्यात उतरलीस! माझ्या मोठ्या भावाबरोबर एका नोकरीच्या ठिकाणी असंच झालं होतं, चौकशीत निर्दोष ठरल्यावर त्याला सांगितलं की यातून तू कणखर झालास. तो दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन घरी आला आणि आईने शेवयाची खीर केली होती.

खाजनातला_खेकडा
आईला सलाम.

तारवटी
रात्रपाळी संपवून लिहितोय, जहाजावर आहे. नेट मिळालं की हा धागा वाचतो गेले चार दिवस. मालवाहू बोट, नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट. आमच्या घरात आजोबा तारवटी, बाबा तारवटी, मी पण.

सहा वर्षांपूर्वी मला आईची स्वप्नं पडायला लागली. काही खास नाही, ती विहिरीवर उभी आहे आणि हाक मारतेय, मी वळतोय पण वळून होत नाही. फोनवर विचारलं की ती म्हणायची बरी आहे मी, तू जेव. ताईपण म्हणायची बरी आहे. मी एका वरिष्ठाला सांगितलं की मला पुढच्या बंदरावर उतरायचंय, तो चांगला माणूस होता, म्हणाला अरे समुद्रावर सगळ्यांना घरची स्वप्नं पडतात, जातात. २००२ च्या भागात ओबी-वान अ‍ॅनाकिनला हेच सांगतो, स्वप्नं कालांतराने जातात. मी तो सिनेमा आधी पाच वेळा बघितलेला, त्यानंतर बघवला नाही.

अकरा दिवसांनी मेल आला. आम्ही भर समुद्रात, जवळचं बंदर सहा दिवसांवर. मी घरी पोचलो तेव्हा बारावं झालं होतं.

त्या रात्री केबिनमध्ये मी काय केलं ते लिहितो कारण बिंदुलीचं वाचून मला राहवत नाहीये. मी आरसा फोडला, खुर्ची फोडली, आणि दारात जो पोरगा बघायला आला, नवीन, एकोणीस वर्षांचा, त्याच्या गळ्याला हात घातला. त्याचा काही संबंध नव्हता. माझ्या हातात काही असतं तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, फिलिपिनो, पन्नाशीचा, त्याने मला मागून मिठी मारून खाली बसवलं आणि सकाळपर्यंत सोडलं नाही. काही बोलला नाही. सकाळी त्या पोरासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाला माफी माग. मागितली. मग मला म्हणाला, आता रड.

अ‍ॅनाकिन टस्कन वस्तीतून परत आला तेव्हा त्याने पॅडमेला सगळं सांगितलं, बायका पोरं सगळी मारली म्हणून. ती त्याच्याजवळ बसली, म्हणाली राग येणं माणसाचंच लक्षण आहे. प्रेम होतं तिचं, मी तिला दोष देत नाही. पण त्याला कोणी त्या वस्तीपुढे परत नेऊन उभं केलं नाही. रड म्हणायला पण कोणी नव्हतं, आणि माफी माग म्हणायला पण. बिंदुली म्हणते ते बरोबर आहे, तलवार त्याच्याच हातात होती. मास्तर म्हणतात ते पण बरोबर आहे. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं कारण मी त्या केबिनमध्ये होतो.

बिंदुली
तारवटीबाब, मी जे लिहिलं ते मागे घेत नाही पण तुम्हाला दुखलं असेल तर माफ करा. तुमच्या आईला नमस्कार.

तारवटी
दुखलं नाही बाय. मागे घेऊ नकोस, ते राहायला हवं.

रंगपट
दोनदा वाचलं. मला वाल्या कोळी आठवला. नारद त्याला सांगतात घरी जाऊन विचार, तुझ्या पापात वाटेकरी कोण, आणि बायको पोरं सगळी म्हणतात आम्ही नाही. तिथून तो माणूस वळला. घरच्यांनी नाही म्हटलं म्हणून वळला. पॅडमेने नाही म्हणायचं ते तीन वर्षं उशिरा म्हटलं, मुस्ताफारवर, आणि तोपर्यंत तो तिचाच गळा धरायला निघाला होता.

फोंड्याचे_मास्तर
तारवटी, तो बोसन म्हणजे गुरू. आम्ही नुसते शिक्षक.

माटोळी
मंडळी, मी धागा काढला तेव्हा मला वाटलं होतं दहा-बारा जण फाशाबद्दल वाद घालतील. काल रविवारी भाच्याला व्हिडिओ कॉल केला आणि तुमच्यातलं त्याला झेपेल तेवढं सांगितलं. जेडायांचा नियम सांगितला, की आई-बाप, नातीगोती सोडूनच तिथे शिकायचं असतं, आणि म्हणून तिला आणायला जाणं हीच चूक ठरली असती. वॉटोने नंतर तिला क्लीग लार्स नावाच्या शेतकऱ्याला विकलं, त्याने तिला मोकळं केलं आणि लग्न केलं हेपण परत सांगितलं. म्हणजे न्यायला आलं कोणीतरी, फक्त ते जेडाय नव्हते, एक साधा माणूस आला. टस्कनांनी तिला पळवलं तेव्हा तिला शोधायला तीस जण गेले आणि चार परत आले, ते सगळे आजूबाजूचे शेतकरीच. हे मीच त्या रात्री विसरलो होतो.

त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, क्लीगचा मुलगा ओवेन, म्हणजे ल्यूकला वाढवणारा तो काका ना? मी म्हटलं हो. "आणि श्मीला त्याच शेतावर पुरलं ना, घरासमोर?" हो. "म्हणजे ल्यूक आजीजवळच वाढला."

पुढच्या आठवड्यात १९७७ चा लावतोय, त्याने सांगितलंय की घराच्या अंगणात ती जागा दिसते का ते थांबवून थांबवून बघायचं.